शाळेच्या छतावरची खारी

पावसाची झड लागली आणि डोक्यावर सिमेंटचा स्लॅब असला, की माझी नजर आजही आपोआप छताच्या मध्यावर जाते. मग ते लग्नाचे कार्यालय असो, बँक असो की व्याह्यांचे नवे घर. घरची मंडळी हसतात. "बाबा आता छताचाही जबाब घेणार," असे माझी सून म्हणते. हसू देत बापडी. ही सवय मला खानदेशातल्या एका शाळेने लावली, आणि तो तपास मी विसरू म्हटले तरी विसरणार नाही.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षे झाली होती. जळगावकडच्या मुलखाला पूर्व खानदेश आणि धुळ्याकडच्या मुलखाला पश्चिम खानदेश म्हणत. अमळनेरच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो. मूळचा मी रत्नागिरीकडचा. बदलीचा हुकूम आला तेव्हा आमच्याकडचे लोक म्हणाले होते, तिथल्या उन्हात पापड होशील. उन्हाने पोळलो खरा, पण तिथल्या माणसांनी मला जिंकले. खानदेशी माणूस रागावला तर तोंडावर रागावतो, आणि रागावलेला असला तरी जेवायला बसवल्याशिवाय सोडत नाही. तपास करणाऱ्याला असा मुलूख मिळायला नशीब लागते.

श्रावणातली सकाळ होती. चार-पाच दिवस सारखी झड लागली होती. ठाण्यात हजेरी संपवून मी स्टेशन डायरी पुढे ओढली, तोच एका गावचा पोलीस पाटील गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला आत आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, शाळा पडनी. शिपाई खाले दबायना. मरी गया तो."

मी हवालदारांना घेऊन निघालो. हवालदार त्याच भागातले, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. बोलायचे कमी, आणि बोलले की पुन्हा विचारावे लागत नसे.

गावातली ती नवी शाळा म्हणजे एक मोठा हॉल आणि त्याला लागून एक लहान खोली. भिंती दगडी, चुन्यात बांधलेल्या. वर सिमेंटचा सपाट स्लॅब. त्या गावातला तो पहिलाच स्लॅब, त्यामुळे तो बघायला आजूबाजूच्या खेड्यांतून लोक येऊन गेले होते. हॉलच्या मध्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटची एक जाड तुळई होती. ती मधोमध मोडली होती आणि तिच्यामागून सगळा स्लॅब खाली आला होता. शाळा अजून भरायची होती म्हणून मुले वाचली. शिपाई मात्र आत बसायच्या पट्ट्या अंथरत होता. मी पोचलो तोवर गावाने ढिगारा उपसून त्याला बाहेर काढले होते. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिच्या अंगात त्राण उरले नव्हते.

पंच बोलावून पंचनामा केला, प्रेत तपासणीला पाठवले. हे होईपर्यंत गावाने आरोपीही ठरवून टाकला होता.

तो ठरवण्यात पुढाकार आबांचा होता. आबा म्हणजे गावातले सर्वांत वजनदार माणूस, शाळेच्या समितीचे अध्यक्ष. शाळेला जमीन त्यांचीच. दगड वाहायला गाड्या त्यांच्याच. बायको वारल्यानंतर त्यांनी सारा जीव त्या शाळेत घातला होता. रोज सकाळी ते शाळेसमोर येऊन बसत, मुले आत जाताना मोजत आणि मगच शेताकडे जात. आता ते भर पावसात उघड्या डोक्याने उभे होते.

"साहेब, त्या धुयाना इंजिनेरनी सिमेंट खादं," ते म्हणाले. "आमना मानूस मारा. त्याले बेड्या घाला. नही ते गाव त्याले जित्ता सोडाव नही."

हा इंजिनीअर मुंबईला शिकून चारेक वर्षांपूर्वी धुळ्यात आलेला. त्याने इथे कंत्राटदार न नेमता, स्वतः गावात राहून, गवंडी लावून काम करून घेतले होते. म्हणजे दोष असलाच तर त्यात वाटेकरी कोणी नव्हता. मी कलम तीनशे चार अ खाली, म्हणजे हयगयीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल, गुन्हा नोंदवला आणि धुळ्याहून त्याला आणवला.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. तालुक्यातला एक ठेकेदार ठाण्यात येऊन बसला. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे आणि काळ्या बाजारात त्याला सोन्याचा भाव होता. या इसमाने हलक्या आवाजात सांगितले, की शाळेसाठी आलेले सिमेंट इंजिनीअरने रातोरात कापसाच्या एका जिनिंगच्या मालकाला विकले आणि स्लॅबमध्ये राख घातली. खबर देणारा स्वतःहून चहा मागवून ऐसपैस बसला, की मी सावध होतो. ज्याला खरोखर काही ठाऊक असते त्याला खुर्ची टोचत असते. चौकशी केली तेव्हा कळले, की शाळेचे काम आधी या गृहस्थालाच हवे होते. तरी खबर ती खबर. शत्रूने सांगितलेली गोष्टसुद्धा खरी निघते. मॅजिस्ट्रेटसमोर ती मांडून मी आरोपीचा रिमांड घेतला. काळा बाजार सिद्ध झाला असता तर जामीन सोडाच, त्या पोराचे आयुष्यच संपले असते. पुढे त्याच्याकडून कोणी कोंबड्यांचे खुराडेही बांधून घेतले नसते.

चौकशीला मी त्याला समोर बसवले. किडकिडीत, चष्मेवाला, दाढी वाढलेली. माझ्या नोकरीत मी शेकडो आरोपी समोर बसवले. खोटारडा माणूस बहुधा स्वतःबद्दल बोलतो: मी कसा सज्जन, माझे घराणे कसे. हा गडी स्वतःबद्दल एक अक्षर बोलेना. त्याने उलट मलाच प्रश्न विचारला.

"साहेब, तुळई कुठं मोडली? भिंतीपाशी की मध्यावर?"

"प्रश्न मी विचारायचे असतात," मी म्हणालो.

"हो साहेब. पण कुठं मोडली?"

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी गंमत वाटली. "मध्यावर," मी सांगितले. "खालच्या बाजूनं जबडा उघडावा तशी उघडली आहे."

तो डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "म्हणजे वाकून मोडली. याची कारणं दोनच. एक तर सळ्या कमी पडल्या, नाहीतर वजन जास्त झालं. माल राखेचा असता तर गवंड्यांनी खालच्या फळ्या काढल्या त्याच दिवशी ती बसली असती. ही तीन पावसाळे उभी होती. सळ्या मी स्वतः मोजून बांधून घेतल्या आहेत. तुम्ही जाऊन मोजा." आणि त्याने तुळईत किती सळ्या, किती जाडीच्या, कुठल्या वाकवलेल्या आणि कुठल्या सरळ, हे कागदावर काढून दिले.

"वजन कसलं धरलं होतंस?"

"स्लॅबचं स्वतःचं. वरती पावसाचं पाणी. आणि क्वचित दुरुस्तीला चार माणसं चढली तर त्यांचं. शाळेच्या छतावर आणखी काय असणार?"

दुसऱ्या दिवशी मी ढिगाऱ्यात उतरलो. त्याने सांगितल्या तितक्याच सळ्या, सांगितल्या तितक्याच जाड. हवालदारांनी लोहाराकडून घण आणवला आणि तुळईच्या तुकड्यावर घातला. तुकडा फुटायचे नाव घेईना. राख घातलेल्या मालाचे हे लक्षण नव्हे, हे कळायला इंजिनीअर असावे लागत नाही. ठेकेदाराच्या खबरीचा निकाल तिथेच लागला. (पुढे सरकारी इंजिनीअरनेही तुकडे तपासून माल चोख असल्याचा अभिप्राय दिला.)

माल चोख, सळ्या पुऱ्या आणि तरी तुळई मोडली. मग वजन आले कुठून?

मी ढिगाऱ्याभोवती फिरू लागलो. गावकऱ्यांनी शिपायाला काढताना उपसलेले सगळे एका अंगाला टाकले होते. स्लॅबचे तुकडे, आणि त्याशेजारी पांढुरक्या मातीचा हा मोठा ढीग. पंचनाम्यात आम्ही लिहिलेच होते, 'सिमेंटचे तुकडे व माती'. पडलेल्या इमारतीत माती असायचीच, असे वाटून कोणी दुसरा विचार केला नव्हता. आता मी भिंतीकडे पाहिले. दगड आणि चुना. स्लॅब सिमेंटचा. मातीचा कुठेच पत्ता नाही.

"हवालदार, ही माती कुठली?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू साहेबाने आकाश निळे का असे विचारले. "खारी आहे ती साहेब. धाब्यावरची."

खानदेशात तेव्हा बहुतेक घरे धाब्याची. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर मातीचे सपाट छत. पावसाळ्याआधी त्यावर खारी म्हणजे पांढरी माती टाकायची, चोपायची, की पाणी आत उतरत नाही आणि उन्हाळ्यात घर थंड राहते. दर वर्षी नवा थर. हे मला ऐकून ठाऊक होते. पण आमच्या कोकणात कौले. छतावर माती टाकतात ही गोष्ट माझ्या हाडीमांसी भिनलेली नव्हती, म्हणून तर ती मला खुपली. हवालदारांना खुपली नाही, पोलीस पाटलांना नाही, पंचांना नाही. आज सकाळी आपण आंघोळ केली हे जबाबात कोणी सांगते का?

"सिमेंटच्या स्लॅबवर खारी टाकली?"

"छत आहे म्हटल्यावर टाकणारच ना साहेब," हवालदार म्हणाले. बोलता बोलता ते थांबले. त्यांची नजर त्या ढिगावर गेली आणि तिथेच राहिली.

मी लहान खोलीकडे वळलो. तिचा स्लॅब शाबूत होता. बाहेरून शिडी लावून वर चढलो. वर शेत होते! गवत उगवलेले, मध्ये पाण्याचे डबके, पन्हाळ मातीने बुजलेले. मी हात मातीत खुपसला, तर कोपरापर्यंत आत गेला तेव्हा कुठे बोटांना सिमेंट लागले. पावसाने भिजून ती माती शिशासारखी जड झालेली. हॉल जास्त गळायचा असे गावात ऐकले होते, तेव्हा त्यावर याहून जाड थर असणार हे उघड होते. मला कोडे सुटल्याचा आनंद झाला, खोटे कशाला बोलू.

तो आनंद दोन श्वासही टिकला नाही. कारण माझ्या पायांखालून पाढ्यांचा आवाज येत होता.

हॉल पडला म्हणून मास्तरांनी शाळा या खोलीत हलवली होती. सगळी मुले दाटीवाटीने खाली बसली होती, आणि मी त्यांच्या डोक्यावर उभा होतो. मी शिडीवरून कसा उतरलो ते मला आठवत नाही. दारातून ओरडलो, "दप्तरं राहू द्या, बाहेर!" मास्तर काही विचारू लागले. मी त्यांच्या हाताला धरून त्यांनाही बाहेर ओढले. मुले निघाल्यावर वर पाहिले. छताच्या मध्यावर, या भिंतीकडून त्या भिंतीकडे, एक ओली काळी रेघ होती.

आता प्रश्न असा, की हे छत उतरवायचे कसे. गाव तोवर जमा झाले होते. कुदळी आणि घमेली घेऊन तरणे गडी शिडीकडे धावले. मी अडवले. मला स्लॅबमधले काही कळत नव्हते, पण ज्याला कळत होते तो माझ्याच कोठडीत होता. वरिष्ठांची परवानगी काढण्यात दिवस गेला असता. मी मॅजिस्ट्रेटांच्या बंगल्यावर माणूस पाठवून हुकूम आणला आणि आरोपीला जीपमध्ये घालून दुपारी गावात आणले. बेड्या घातल्या नाहीत. पळून जायचे असते तर तो मला प्रश्न विचारत बसला नसता.

गाव त्याला पाहून खवळले. आबा काठी घेऊन पुढे झाले. मी मध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "आबा, काठी मला मारा, पण आधी हे छत बघू द्या."

इंजिनीअर शिडीवर चार पायऱ्या चढला, वर डोकावला आणि तसाच थांबला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखाच पांढरा पडला होता. "माती?" एवढेच म्हणाला. मग भानावर येऊन भराभर सांगू लागला.

"वर कोणी चढू नका. दहा माणसं चढली की दहा माणसांचं ओझं वाढलं. आधी शिडीवरूनच काठीनं पन्हाळ मोकळे करा. पाणी हेच निम्मं वजन आहे. मग आतून मध्यावर टेकू द्यायचे, आणि त्यानंतर चारच माणसांनी वर जाऊन मधली माती आधी काढायची. काढलेली वरच एका जागी साठवायची नाही, सरळ बाहेर फेकायची."

टेकूला लाकडे आबांच्या नव्या गोठ्यासाठी आणलेली सापडली. ओल्या जमिनीत टेकू रुतू नयेत म्हणून खाली फळ्या हव्यात, असे तो म्हणाला. फळ्या कुठून आणणार? मास्तरांनी शाळेचा फळाच काढून दिला. एवढे सगळे जमले. पण टेकू द्यायला छताखाली जाणार कोण?

"मीच जाणार," इंजिनीअर म्हणाला. "टेकू ठोकून स्लॅब वर उचलायचा नसतो, टेकू नुसता टेकवायचा असतो. उचलला तर स्लॅब वरच्या बाजूनं फाटेल. हे दुसऱ्याला सांगून जमणार नाही."

कायद्याने तो माझ्या ताब्यात होता. त्याला काही झाले असते तर माझी वर्दी गेली असती. मी त्याला जाऊ दिले. माणूस पारखायला मी एवढी वर्षे काय झक मारली होती?

तो लाकूड घेऊन आत शिरला तेव्हा आबांच्या तोंडून निघाले, "मरशी ना रे, पोऱ्या!" काठी त्यांच्या हातातून कधी गळून पडली होती ते त्यांनाही कळले नसावे. दारात उभे राहून ते एकेक लाकूड त्याच्याकडे सरकवू लागले. तो आत गुडघ्यांवर बसून पाचर बसवी, वर त्या काळ्या रेघेकडे पाही आणि दुसरे लाकूड मागे. पन्हाळातून गढूळ पाणी धो धो वाहत होते. शेवटचा टेकू लागला आणि तो बाहेर आला, तेव्हा सगळ्या गावाने श्वास सोडला.

मग माती खाली येऊ लागली. चार गडी वरून फेकत होते आणि भिंतीकडेला ढीग चढत होता. छातीइतका झाला, माणसाइतका झाला, तरी येतच होती. आबा आधी इकडेतिकडे पाहत होते. नंतर त्या ढिगाकडेच पाहू लागले.

"एवढी माटी व्हती वर?" त्यांनी विचारले. "आन् हॉलवर याना दुप्पट व्हती," ते स्वतःशीच म्हणाले.

इंजिनीअर त्या वेळी एक शब्द बोलला नाही. बोलायचा त्याला पूर्ण हक्क होता. याबद्दल मी त्याला आजही मानतो.

आबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "साहेब, मना जबाब फिरीसन लिखा." तिथेच ओट्यावर बसून मी तो लिहून घेतला. पहिल्या पावसात हॉलचे छत एका कोपऱ्यात जरासे ठिबकले. आबांनी शिपायाला खारी टाकायला सांगितली. पुढच्या वर्षी आणखी. यंदा झड लागल्यावर शिपाई त्यांच्याकडे गेला होता. "म्हने, आबा, खाले तुळईले चीर पडनी, तठेथीन पानी गळस. मी सांगं, आखो खारी टाक. त्यानी बिचारानी आदला दिवस बठ्ठा दिवसभर खारी वाही." एवढे सांगून त्यांनी ढिगाकडे बोट केले. "चीर वजननी पडनी, आन् मी वजन वाढाडं. त्या पोऱ्यानी नही मारा, साहेब. मी मारा."

त्यानंतर ते उठले आणि शिपायाच्या घराकडे चालू लागले. मलाही त्या बाईचा जबाब घ्यायचाच होता, म्हणून मागोमाग गेलो. तिच्या दारात, आळीतल्या बायकांसमोर, त्या एवढ्या मोठ्या माणसाने पागोटे काढून उंबऱ्यापाशी ठेवले.

"बाई, तुना धनीले इंजिनेरनी मारा नही," ते म्हणाले. "छत माटीना वजननी पडनं. ती माटी मी टाकाले लाई."

ती आता ओरडेल, शिव्याशाप देईल असे मला वाटले, आणि दिले असते तर मी तिला थांबवणार नव्हतो. ती हळू आवाजात म्हणाली, "आबा, ती खारी मी खंदी. टोपल्या मी भरीसन त्याना डोकावर दिन्यात. मंग मनं बी नाव लिखा."

आबा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. तीही रडली. मी मागे सरून हवालदारांजवळ उभा राहिलो.

मी कोणाचेच नाव आरोपींच्या जागी लिहिले नाही. कायद्याला हयगय लागते. इथे आबांनी, त्या शिपायाने आणि त्याच्या बायकोने शाळेची काळजी वाहिली होती, बापजाद्यांनी शिकवली तशी. काळजीला कुठले कलम लावणार? मी सगळ्यांचे जबाब जोडून सी समरी मागितली, म्हणजे गुन्हा समजुतीच्या चुकीने नोंदला गेला, असे कळवले. मॅजिस्ट्रेटांनी ती मंजूर केली आणि इंजिनीअर सुटला. ठेकेदाराला बोलावून मी अर्धा तास उभा ठेवला आणि चहाही विचारला नाही. तेवढे समाधान मी करून घेतले.

सुटल्यावर इंजिनीअर ठाण्यात भेटायला आला. मी त्याला स्पष्ट सांगितले, "कायद्यानं तू मोकळा आहेस. पण वर्षभर त्या गावात राहिलास, जेवलास. डोक्यावरच्या छतावर लोक काय करतात ते एकदाही विचारलं नाहीस?"

"विचारलं नाही," तो म्हणाला. "आता त्यांचा हॉल मीच बांधून देणार आहे. आबा हो म्हणाले आहेत. आणि माती धरूनच तुळई करणार आहे."

"कशाला? आता गावात कोणी माती टाकेल का? आबा तर शपथ घालून बसलेत."

"टाकतील साहेब," तो म्हणाला. "आज नाही टाकणार. आबा आहेत, आठवण आहे, तोवर नाही. पुढं एखाद्या पावसात छत ठिबकेल आणि कोणीतरी टोपली उचलेल. मी त्या माणसाला सांगायला तिथं नसेन. माझी तुळई असेल."

मी माझ्या नोकरीत पुष्कळ बंदोबस्त आखले, पुष्कळ हुकूम काढले. त्या दिवसानंतर हुकूम काढताना मी आधी स्वतःला विचारू लागलो, की लोक सवयीने काय करतील, आणि ते धरून माणसे उभी करू लागलो. यात्रेला लोकांनी कुठून जावे हे पाटीवर लिहिणे सोपे असते. लोक जातात आपल्या रोजच्या वाटेने, म्हणून मी शिपाई त्या वाटेवर ठेवीत असे. याचा मला कधी पस्तावा झाला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी बढतीवर त्या भागात आलो. आबा वारले होते. पावसाळ्याचेच दिवस. जीप त्या गावाजवळ आली आणि मला दुरूनच शाळेच्या छतावर गवताची हिरवी कड दिसली. गाडी थांबवून मी तडक हॉलमध्ये घुसलो. मुले उभी राहिली, मास्तर गोंधळले. मी वर पाहत तुळईखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. केसाएवढीसुद्धा चीर नव्हती.

मागून आवाज आला, "साहेब, वळखं का?"

शाळेची शिपाईण होती. केस पिकले होते, पण मी ओळखले. आबांनी तिला नवऱ्याच्या जागी लावून घेतले होते.

"खारी टाकली का गं पुन्हा?" मी विचारले. माझा आवाज जरा चढलाच.

"गाव आयकस का, साहेब? गळस म्हनीसन टाकतस." ती अजिबात घाबरली नाही. "पन इंजिनेरनी कठडाले मझारथून लाल रेघ मारी ठेयेल शे. ती बुजाले नको, असं माले सांगी गया व्हता. मी दर साल जुनी काढाबिगर नवी टाकू देत नही. कोन्हाले बी."

भिंतीला शिडी लावलेलीच होती. मी चढून वर गेलो. गवत होते, माती होती, पन्हाळ मोकळे होते आणि कठड्याच्या आतल्या अंगाला, मातीच्या वर चांगली वीतभर, लाल रेघ होती.

"दिसस ना?" तिने खालून विचारले.

"दिसते," मी म्हणालो.